कुठल्या रूमचं टेंपरेचर?

८ मे, बुधवार

पोचले एकदाची उमरग्याला. पुण्यापासून मांडीवर पिशवी, पिशवीत अव्वाच्या जुन्या साडीत गुंडाळलेल्या तीन बाटल्या. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "देव हायेत का गं आत? लई जपून धरलीस!" म्हटलं, "काचेचं सामान." खोटं कुठं बोलले?

अव्वाला सांगितलं, परीक्षेचं आहे, हात लावू नको. हेही खरंच. फक्त परीक्षा कशाची ते सांगितलं नाही. घरात सगळ्यांना वाटतं, आपली शिवप्रिया मोठ्या हॉटेलात मॅनेजर होणार. लिंगायताची पोरगी रेड वाइन कुठल्या जेवणासोबत द्यायची ते शिकतेय, हे अप्पांना कोण सांगणार!

मार्चमध्ये हॉटेलच्या ट्रेनिंगमध्ये प्रॅक्टिकलला नापास झाले, तेही सांगितलेलं नाही. परीक्षा घेणाऱ्या अर्पिता मॅडमनी विचारलं होतं – उन्हाळा, बागेतलं जेवण, निखाऱ्यावरचं मटण. रेड कशी द्याल? मी ठणकावून म्हटलं, "रूम टेंपरेचरला!"

"कुठल्या रूमच्या?"

सगळे हसले. मग म्हणाल्या, "तुम्ही हे मटण कधी खाल्लंय का?" नाही. जन्मात नाही. "मग पुस्तकच वाचून दाखवताय."

३० तारखेला दुसरी संधी. शेवटची. नाही जमलं तर घरी परत, अप्पांशी पुण्याला जातानाच तसं ठरलंय.

९ मे, गुरुवार

आज आमच्या रूमचं टेंपरेचर – बेचाळीस! बाटली उघडून घोटभर तोंडात घेतली. कोमट काढा! पुस्तकातली रूम थंड देशातली, अठरा अंशांची. पुस्तक लिहिणाऱ्याला एक दिवस उमरग्यात आणून बसवलं पाहिजे. पंख्याखालीच.

१० मे, शुक्रवार

बसवजयंती. अप्पा दिवसभर मिरवणुकीत. मी गच्चीवर. मधली भिंत कमरेएवढी, पलीकडं उझमाची गच्ची. पहिलीपासून आम्ही या भिंतीवर बसून अभ्यास केला. बी.ए.पर्यंत. मी पुण्याला गेले, ती इथंच.

तिच्या अब्बांचा हायवेवर शीग कबाबचा गाडा आहे. 'सरदार शीग' म्हटलं की ट्रकवालेसुद्धा थांबतात. गाड्यावर भाऊ उभा राहतो, अबुजर. पण मसाला उझमाचा, मटण मुरवणं उझमाचं, निखारा कसा ठेवायचा ते उझमाचं. ते कुणालाच माहीत नाही.

तिला सगळं सांगितलं. पोट धरून हसली. मग म्हणाली, "म्हणजे तू पिणार पण खाणार न्हाय. मी खाणार पण पिणार न्हाय. दोघी मिळून एक माणूस होतो गे!"

माझ्या डोक्यात दिवा पेटला!

१२ मे, रविवार

पहिला प्रयोग. संध्याकाळी पाचला. उझमाच्या बाजूला शेगडी, माझ्या बाजूला ग्लास. मध्ये भिंत. थुंकायला आज्जांची पितळी पिकदाणी. (प्रॅक्टिसला गिळायचं नसतं. घोळवायचं, थुंकायचं.)

नियम तिनं घातला – तुझा ग्लास भिंतीच्या अलीकडं येणार न्हाय, माझी शीग पलीकडं येणार न्हाय. फक्त बोलायचं.

मी : तुरट आहे. कच्ची सुपारी चघळल्यासारखं. जीभ कोरडी पडते.

ती : मग माझ्या मटणाला चरबी पाहिजे. ही शीग कोरडी झालीय. थांब, चरबीचा तुकडा लावून आणते.

आणली. खाल्ली. डोळे मिटून म्हणाली, "आता तोंडात सगळं तुपासारखं धरून बसलंय. तुझी सुपारी आली तर पुसून काढील."

आणि हेच, अगदी हेच पुस्तकात सतरा ओळींत लिहिलंय!

१३ मे, सोमवार

आज उझमानं हिरव्या मिरचीचं वाटण लावलं. खाऊन उड्या मारत होती. मी त्याच वाटणात पनीर भाजून घेतलं आणि वर कालचीच तुरट वाइन. अरे देवा! जाळ! वाइननं आग विझत नाही, भडकते. अर्धा तांब्या ताक प्यायले.

वहीत मोठ्या अक्षरात – तिखट आणि तुरट यांची गाठ घालू नये.

१५ मे, बुधवार

थंड करायचा प्रश्न उझमाच्या आईनं, नसीमबी चाचींनी सोडवला. त्या वर वाळवण आणायला आल्या, बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वाटलं, संपलं. चाची म्हणाल्या, "तेरी पढाई तेरे साथ. पण इत्ता गरम कोण पितंय बेटी? ओलं फडकं गुंडाळ, वाऱ्याला ठेव."

तासाभरात बाटली गार! फ्रिजमधल्यासारखी बधिर नाही, विहिरीच्या पाण्यासारखी. आणि ही दुसऱ्या बाटलीतली वाइन – कालपर्यंत नुसती दारूची वाफ, आज जांभूळ, मिरी, मागून थोडा धूर. हे सगळं आतच होतं आणि उन्हानं दाबून ठेवलं होतं!

१८ मे, शनिवार

तिसरी बाटली हलकी आहे, रंगानं पातळ. करवंदाची आंबटगोड चव. मी म्हटलं, ही फुकट आणली, मटणापुढं टिकणार नाही. उझमा म्हणाली, "मटण सोड. तुझ्याकडं काय भाजतात ते सांग."

मग वांगी. निखाऱ्यावर साल काळी होईस्तोवर. कांदे सालासकट. कैरीही भाजली. माझ्या बाजूला, वेगळ्या शेगडीवर, उझमा भिंतीपलीकडून हुकूम सोडत – "फिरव! अगे, आता न्हाय, आता!" लसूण, मीठ, शेंगदाण्याचं कूट घालून भरीत, सोबत ज्वारीची भाकरी. आणि ही हलकी, गार केलेली.

घोट थुंकायचंच विसरले, गिळला. पहिल्यांदा वाटलं, ही वाइन माझ्यासाठी केलीय, माझ्या घरच्या जेवणासाठी.

आणि उझमाला हे कसं कळलं? तिनं थेंब चाखलेला नाही. मी सांगते, ती ऐकते आणि मांडते. मी दोन वर्षं शिकतेय. खरं सांगू? थोडं टोचलं.

२० मे, सोमवार

अप्पांनी बघितलं.

टाकीत पाणी किती बघायला वर आले. मी तोंड भरून वाइन घोळवतेय, समोर पिकदाणी. गिळूही शकेना, थुंकूही शकेना! शेवटी थुंकले. अप्पा टाकी न बघताच खाली गेले.

२१ मे, मंगळवार

बोलत नाहीत. अव्वाही नाही. जेवायला वाढते आणि भिंतीकडं बघते.

२२ मे, बुधवार

दुपारी अप्पांनी त्यांच्या धान्याच्या अडतीवर बोलावलं. गिऱ्हाईक नव्हतं. तुरीचं पोतं उघडं. बराच वेळ तूर हातात खेळवत बसले. मग –

"गिळलीस का थुंकलीस?"

"थुंकली, अप्पा."

"सगळी?"

"ती... शनिवारची घोटभर गिळली. भरतासोबत."

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. मग नापास झाल्याचंही सांगितलं. सगळंच.

अप्पांनी तुरीचा दाणा दातात फोडला, चघळला, बाहेर थुंकला. "हिच्यात ओल हाय. आजून दोन दिवस ऊन पायजे." माझ्याकडं बघून म्हणाले, "चाळीस वर्सं हेच करतो. दाणं चावून थुंकतो. कुणी मला अधाशी म्हणालं न्हाय." मग बोट वर करून – "पण घरात ठेवायची न्हाय. आन् परत नापास झालीस तर लपवायचं न्हाय."

बाहेर येऊन रडले. मग उसाचा रस प्यायले, दोन ग्लास.

२३ मे, गुरुवार

बाटल्या आता गच्चीवरच्या सामानाच्या खोलीत. अव्वा बोलायला लागली – "ते भरीत काय घालून केलतीस?"

३० मे, गुरुवार. पुणे

परीक्षेहून आल्या आल्या लिहितेय.

प्रश्न तोच! मी आधी बर्फाचं पाणी मागितलं. बाटली त्यात वीस मिनिटं. मॅडम घड्याळ बघत, मी बाटली फिरवत. मग सांगितलं – मटणाला चरबी असेल आणि मिरची कमी असेल तर ही तुरट. मसाला झणझणीत असेल तर ही नको, जांभळासारखी दुसरी द्या, गार करून. आणि टेबलावर शाकाहारी माणूस असेल तर त्याला कोपऱ्यात सॅलड देऊन बसवू नका. भाजलेलं वांगं द्या, सोबत ही हलकी.

मॅडम म्हणाल्या, "मटणाचं कसं सांगता? अजूनही खात नाही ना?"

पुस्तकाचं नाव घेता आलं असतं. भिंतीची सगळी गोष्टच सांगितली. शेगडी, पिकदाणी, चरबीचा तुकडा. "मॅडम, अर्धी जीभ माझी आहे. अर्धी उझमाची."

मॅडम हसल्या नाहीत. पेन काढलं आणि म्हणाल्या, "तिचा नंबर द्या."

दिला. एवढा आनंद झाला होता, कुणाचाही दिला असता!

६ जून, गुरुवार. उमरगा

पास!! हॉटेलात कायम! मात्र नवा विभाग ऑक्टोबरात उघडणार, तोवर थांबा म्हणतात. अप्पा अडतीवर पेढे वाटतायत. कशात पास ते कुणी विचारलं की म्हणतात, "पारखी झाली आमची पोरगी." कशाची पारखी ते सांगत नाहीत!

११ जून, मंगळवार

उझमा चार दिवस गच्चीवर आली नाही. आज आली. मॅडमचा फोन आला होता म्हणे. हैदराबादला त्यांच्या मैत्रिणीचं मोठं किचन आहे, लग्नाच्या ऑर्डरी. निखाऱ्याचं काम बघायला माणूस पाहिजे. "दारूबिरू काय न्हाय तिथं, मी विचारून घेतलं. खालाकडं ऱ्हाईन. अब्बा हौ म्हणाले." एका दमात बोलली, माझ्याकडं न बघता.

आणि मी काय म्हणावं? "तुला जमेल का एकटीला?"

ती उतरून गेली.

१२ जून, बुधवार

जमेल का म्हणे! मूर्ख. मूर्ख. मूर्ख.

१३ जून, गुरुवार

भिंत ओलांडून गेले. जन्मात पहिल्यांदा भिंतीवरून. कुर्ता फाटला. उझमा म्हणाली, "जिना होता की गे." मग दोघी हसत बसलो, मग दोघी रडलो. ईद झाली की जाणार.

२० जून, गुरुवार

सकाळच्या गाडीनं उझमा हैदराबादला गेली. गाडी वळेपर्यंत हात हलवत होतो. मग नसीमबी चाची डोळे पुसत म्हणाल्या, "अबुजरला निखारा धरता येत न्हाय. आता गाड्यावर कोण बघणार?"

मी म्हटलं, "ऑक्टोबरपर्यंत मी बघते, चाची. मटणाला हात लावणार नाही, पण निखारा सांभाळीन."

संध्याकाळी सहाला जायचंय. अप्पांना अजून सांगितलेलं नाही.