चर्चमधला प्रसाद

रविवार, संध्याकाळ

आज चर्चमध्ये जाऊन मी त्यांचा प्रसाद खाल्ला. खायला नको होता. देव मी मानत नाही, हे घरात सगळ्यांना ऐकवून झालंय.

पण ती इमारत यार! युरोपात आठशे वर्षांपूर्वी बांधलेली कॅथेड्रल्स मी फोनवर तासन्‌तास बघतो. शिकागोतलं हे त्यांचीच कॉपी, तरी वर केलेली मान खाली येईना. तिकडे युरोपात ज्यांनी पाया घातला त्यांना छत दिसलंच नसणार, तरी दगड घडवत बसले. कशासाठी?

प्रार्थना चालू होती, सगळे उठले म्हणून मीही उठलो आणि वर बघत बघत रांगेत सरकलो, तर समोर फादर. त्यांनी पांढरी चकती पुढे केली आणि माझा हात आपोआप गेला. उजवा वर, डावा खाली. खाल्ली, हात डोक्यावरून फिरवला आणि म्हणालो, "थँक यू, काका!"

मागच्या आजी हसल्या. "फर्स्ट टाइम, हनी?"

मलाही हसू आलं. मग ट्रेनमध्ये आठवलं, गेल्या महिन्यात सत्यनारायणाला आई शिरा द्यायला आली तेव्हा हाच हात मी खिशात घातला होता. "मी मानत नाही, मला नको." पाहुण्यांसमोर. तिने चमचा परत वाटीत ठेवला.

आज तोच हात कसा पुढे गेला?

तिला कळलं तर एवढंच विचारेल, "त्यांचा चालतो, माझा नाही?"

प्लीज, कोणी हे वाचत असाल तर आईला सांगू नका. बाबांना सांगा हवं तर. नको, बाबांनाही नको, त्यांच्या पोटात काही राहत नाही.