मेंदीच्या कुंपणातली फट

देवळाली प्रवरा,
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय मुबारकआपा,

तुम्हाला आणि महमूदभाईंना दयाचा सलाम. तुमचे गुडघे काय म्हणतात? महमूदभाईंचा खोकला गेला, की पुण्याची हवा मानवली म्हणून तोही तिथेच मुक्कामाला राहिला? सलमान आणि सूनबाई खुशाल असतील. मी बरी आहे. (मेहरीन बेटा, हे पत्र दादीला तूच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. सावकाश वाच. जिथे तुझं नाव येईल तेवढं मात्र मनातल्या मनात वाचायचं. हेही मनातच वाचायचं होतं, पण आता झालं ते झालं.)

तुम्ही म्हणाल, फोन असताना हे पत्र कशाला. तर आपा, फोनवर तुम्ही "हां, हां, सब ठीक" याच्या पलीकडे जात नाही, आणि मागून सलमान सांगतो की लिफ्टमध्ये आहोत. शिवाय आमच्या नगरच्या बोर्डिंगातल्या सिस्टर रोझलीन सांगायच्या, की नाजूक गोष्ट असेल तर ती लिहून विचारावी. आधी तब्येतीची चौकशी, मग हवापाणी, मग मुद्दा. तब्येत झाली. हवा उकाड्याची आहे आणि पाणी नळाला दिवसाआड येतं. मुद्दा आहे कुंपणातल्या फटीचा. तुमच्या आणि माझ्या घरामधल्या मेंदीच्या कुंपणात आपण ये-जा करून जी फट पाडली, ती बुजवायची की ठेवायची, एवढंच मला विचारायचं आहे. पण आधी अंगणाची हकिगत सांगते, नाहीतर प्रश्न तुम्हाला मूर्खपणाचा वाटेल.

गेल्या ईदनंतर तुम्ही सलमानकडे राहायला गेलात आणि आमच्या एंजेलाच्या मनाने घेतलं की मम्मी एकटी पडली. ही मुलगी तिकडे मस्कतला, आणि तिला माझा एकटेपणा फोनच्या पडद्यावर दिसतो. (खरं तर मी त्या दिवशी चष्मा शोधत होते, म्हणून चेहरा तसा झाला होता.) तिने उपाय काढला. अंगणाचं लँडस्केपिंग करून घे, छान हिरवळ बघून तुला करमेल. साठ हजार पाठवते, त्यावर एक रुपया मिळणार नाही. आपा, मी जन्मभर अंगण झाडलं, शिंपडलं, त्यात कुरडया वाळवल्या. त्याच अंगणात साठ हजार रुपये नेमके कुठे ठेवतात, याचं मला इतकं कुतूहल वाटलं की मी हो म्हटलं.

मग निकिता आली. राहुरीच्या विद्यापीठातून शिकून नुकतीच बाहेर पडलेली, गोड पोरगी, स्कूटीवरून येते आणि मला आँटी म्हणते. तिने लॅपटॉपवर माझं अंगण दाखवलं. घर माझंच होतं, पण पुढे हिरवागार गालिचा, फाटकापर्यंत नागमोडी वाट, चिक्कूखाली बाक, बाकावर टोपी घातलेली एक गोरी बाई आणि तिच्या पायाशी कुत्रा. मी विचारलं, ही बाई कोण? म्हणाली, "आँटी, ती नुसती अंदाज यावा म्हणून असते." म्हणजे साठ हजारांत ती येत नाही? "नाही." कुत्रा? "तोही नाही." बाक? "बाक येतो." मला जरा हायसं वाटलं. पण त्या बाईवरून माझं लक्ष हलेना. बाक दोघांचा, ही एका टोकाला बसलेली आणि शेजारची जागा रिकामी. मी रात्री जेवतानाही विचार करत होते, की ही कोणाची वाट बघत असेल.

गवत बिभीषणच्या टेम्पोतून आलं. सतरंजीसारखं गुंडाळून. बिभीषण एक एक गुंडाळी उतरवताना माझ्याकडे अशा दयेने बघत होता, की शेवटी मीच विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "न्हाई, काय न्हाई ताई. जिंदगीभर आमी गवत उपटायचं पैसं घेतलं. लावायचं पैसं देनारं तुमीच पयलं गिऱ्हाईक." दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाईने (ती अजून कामाला येते, तुमची रोज आठवण काढते आणि तुमच्याकडचा चहा जास्त गोड असायचा हेही रोज सांगते) नेहमीप्रमाणे खराटा घेतला आणि नवीन गवत झाडून कोपऱ्यात त्याचा ढीग केला. मी धावत बाहेर आले तर म्हणते, "बाई, लई हिरवा कचरा पडला हुता." तिला सगळं कळत होतं, आपा. तिला फक्त ते पटलं नव्हतं.

नंतर आमच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा माझ्याकडे ठरली. म्हटलं, चला, अंगण दाखवू. तर एकही बाई गवतावर पाय ठेवेना. चपला काढून हातात धरल्या आणि भिंतीला अंग घासत, कडेकडेने पायरीपर्यंत आल्या. एरवी याच अंगणात त्या ऐसपैस मांडी घालून बसायच्या आणि शेंगांची टरफलं टाकून जायच्या. त्या दिवशी पायरीवर कोंबड्यांसारख्या ओळीने बसल्या. आराधनाने प्रार्थना केली, की प्रभू, दयाबाईंच्या गवताला थोडा पाऊस दे, पण आमच्या जोसेफचा कांदा अजून शेतात उघड्यावर आहे, तेव्हा तेवढं शेत सोडून दे. सगळ्यांनी आमेन म्हटलं. पाऊस कुठेच आला नाही. शोभेचे पांढरे गोटे आणले होते, ते हळूहळू कमी व्हायला लागले. ते गेले कुठे, हे शोधायला मी एकदा गल्लीतून फिरले, तर घरोघरी गच्चीवर पापडांच्या प्लास्टिकच्या चारी कोपऱ्यांवर माझे गोटे बसलेले. परत मागू कशी? त्याच पापडांतले मलाही आले होते.

पण हे सगळं मी हसून सोडलं असतं. निकिताची झोप उडाली ती आपल्या वाटेने.

तुमच्या स्वयंपाकघराच्या दारापासून, फटीतून, माझ्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जी वाट आहे, तिच्यावर गवत धरेचना. निकिताने कुदळीने उकरलं, खत घातलं, नवीन गवत अंथरलं. आठवड्यात ते पिवळं पडलं आणि खालून आपली वाट पुन्हा वर आली, जशीच्या तशी. पोरगी म्हणाली, "आँटी, इथे किती माणसं चालत होती?" मी म्हटलं, दोघी. तिचा विश्वास बसला नाही. (शीरखुर्मा, पुरणपोळी, नाताळचा फराळ, उसनं दही, कोणाची सून कशी, हे सगळं त्या वाटेने गेलं, हे तिला कुठून माहीत असणार?) मग तिने आणखी एक गोष्ट दाखवली, जी आपा, मी इतकी वर्षं चालूनही कधी पाहिली नव्हती. वाट सरळ नाही. मोकळ्या अंगणाच्या मधोमध ती एकदम डावीकडे वळते, पाच-सहा पावलं लांबून जाते आणि पुन्हा सरळ होते. मध्ये ना झाड, ना दगड. "आँटी, तुम्ही कशाला वळसा घालत होता?"

 दोन दिवस मी त्याच विचारात. लंकाबाई म्हणाली, "तितं कायतरी हाय बाई. मानूस उगं वाकडं चालत न्हाई." बिभीषणच्या मते खाली हंडा होता आणि खणताना तो हजर असावा. (त्याने त्यासाठी एक फेरी फुकट केली.) मी तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत हातात वाटी घेऊन चालून पाहिलं, आणि पाय आपोआप वळले. माझे पाय, पण मला कारण सांगायला तयार नाहीत.

त्याच वेळी कुंपणापलीकडून कोणीतरी हाक मारली. तुमच्या अंगणात आबासाहेब उभे होते, जागेचे व्यवहार करतात ते, आणि सोबत मोजपट्टी धरलेली दोन अनोळखी माणसं. मला म्हणाले, "ताई, काम चालूच आहे तर ही फट तेवढी बुजवून घ्या. पार्टीला आवडायची नाही." मी बरं म्हटलं आणि हातातली रिकामी वाटी पदराखाली घेतली. का घेतली, कोण जाणे. पण ते असू दे.

निकिताने शेवटी त्या वळणाच्या आतली जागा खणायला लावली. वीतभर खाली माती काळी आणि चिकट लागली. तिने चिमूट नाकाशी नेली आणि म्हणाली, "आँटी, हे ऑईल आहे. इथे गॅरेज होतं का?" आणि आपा, एका क्षणात सगळं समोर उभं राहिलं. आमच्या ह्यांची, याकोबची स्कूटर! स्वतः इंजिन खोलून, सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडून, "उद्या चालू करतो" म्हणून त्यांनी जी उभी केली, ती ताडपत्रीखाली कित्येक वर्षं तशीच गळत उभी होती. तुमची पांढरी कोंबडी तिच्या डिकीत अंडी घालायची. कोंबडी तुमची आणि डिकी आमची, म्हणून अंडं कोणाचं, यावर महमूदभाई आणि याकोब ओट्यावर बसून हायकोर्टासारखे भांडायचे, आणि शेवटी डिकीचं भाडं आठवड्याला एक अंडं ठरलं. आपण दोघी त्या स्कूटरला वळसा घालून जात होतो. याकोब गेले, मग भंगारवाला स्कूटर घेऊन गेला, पण वळण कोणीच नेलं नाही. आपण नसलेल्या स्कूटरला वळसा घालत राहिलो.

आणि त्या काळ्या मातीत काय सापडलं, सांगू? महमूदभाईंना जवळ बोलवा. चौदा नंबरचा पाना. तोच. जो नसल्यामुळे इंजिन परत जोडता आलं नाही, आणि जो महमूदभाईंनीच नेला असं याकोब शेवटपर्यंत म्हणत राहिले. महमूदभाई छातीवर हात ठेवून सांगायचे, "याकोब, खुदा की कसम, मेरे पास नहीं." तो स्कूटरखालीच पडून चिखलात रुतला होता. म्हणजे पाना हरवला म्हणून स्कूटर थांबली, स्कूटर थांबली म्हणून वाट वळली, आणि वाट वळली म्हणून पाना सापडला. मी तो घासून, पुसून खिडकीत ठेवला आहे.

तर आता प्रश्न. साठ हजारांतले थोडेच उरले आहेत. निकिता म्हणते, त्यात एकच काम बसेल. एक तर आपल्या वाटेवर, वळणासकट, शहाबादी फरशा बसवायच्या, म्हणजे पावसात पाय घसरणार नाहीत. नाहीतर मेंदीची रोपं आणि तार आणून फट बुजवायची. दोन्ही होणार नाही. एंजेलाकडे जास्त मागणार नाही, कारण तिने आधीच बजावलं आहे. फरशा बसवून फट बुजवली असती तर चाललं असतं असंही नाही, कारण मग वाट कुंपणात जाऊन थांबली असती. रविवारपर्यंत निकिताला सांगायचं आहे. तुम्ही कळवाल तसं करू. माझा काहीच आग्रह नाही.

सर्वांना नमस्कार. गुडघ्यांना तिळाचं तेल लावत जा.

तुमची शेजारीण,
दया

ता. क. माझा काहीच आग्रह नाही असं वर लिहिलं आहे, ते सिस्टर रोझलीनच्या वळणाने आलं. आपा, तुम्ही घर विकताय का? आबासाहेबांकडून कळावं अशी ही गोष्ट नव्हती. सलमानचा विचार असेल तर तो बरोबरही असेल, बंद घराला वाळवी लागते. पण तुमचा काय विचार आहे, तेवढं तुम्ही सांगा.

ता. क. २. आज शुक्रवार, पत्र अजून टाकलेलं नाही, आणि रविवारची मी वाट पाहिली नाही. फरशा कालच बसवल्या, वळणासकट. गवंडी सारखा म्हणत होता की सरळ करू, फरशा वाचतील. मी ऐकलं नाही. बाक चिक्कूखाली न ठेवता जिथे स्कूटर उभी असायची तिथे ठेवला, म्हणजे वळणाला निदान काही कारण राहील. संध्याकाळी मी बसून पाहिलं. एकटं बसलं की माणूस हुबेहूब त्या टोपीवाल्या बाईसारखं दिसतं.

ता. क. ३. पाना कुरिअरने पाठवणार नाही. वस्तू खंडीभर वर्षांच्या भांडणाची आहे, ती महमूदभाईंनी स्वतः येऊन माझ्या हातून घ्यावी आणि याकोबच्या फोटोसमोर उभं राहून एकदा "बघ" म्हणावं. त्यांचा तो हक्क आहे.

ता. क. ४. मेहरीन, हे मनात वाच. पत्र संपल्यावर दादी गप्प बसून राहिल्या तर मला काही कळवू नकोस. पण चपला शोधायला लागल्या, तर लगेच फोन कर. मी दूध जास्त सांगून ठेवते.