तामियाचा झेंडा

१० सप्टेंबर, सोमवार
झेंडा मला! मला!! हेडसर वर्गात येऊन सांगून गेले – शाळेत सगळ्यात जास्त सरासरी, म्हणून २६ तारखेला, झेंडादिनी, देशाचा झेंडा मारित्सा सेवायोसच्या हातात. बारावीची सगळी पोरं एकेक करून गुडघ्यावर बसणार, झेंड्याचं चुंबन घेणार, शपथ घेणार. मी तेवढी उभी.
टाळ्या झाल्या. तामियानेही वाजवल्या.
पण पहिली तर तामिया आहे! वर डोंगरातल्या गावातून पाचवीला ती आमच्या शाळेत आली तेव्हापासून पहिली तीच. हे शाळेतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

११ सप्टेंबर
आईला विचारलं. आई शाळेची सेक्रेटरी, सगळ्यांचे गुण तिच्याच ताब्यात. म्हणाली, "तामियाचं तिसरीचं गुणपत्रक नाही. वरची शाळा बंद पडली तेव्हा कागद गोणीत भरून आले, निम्मे भिजलेले. नसलेल्या वर्षाला सात धरायचे, हेडसरांचा नियम आहे."
दहापैकी सात! तामियाची सरासरी ९.९२ वरून ९.६३ वर आली. माझी ९.८८.
"पण आई, हे—"
"मारू, जेव."

१४ सप्टेंबर
इबार्राहून मावशीने पांढरे हातमोजे पाठवले. आई दोनदा रडली. म्हणे, "तुझी आजी ह्याच शाळेत फरशा पुसायची. तिची नात झेंडा धरणार!" मोजे घालून आरशासमोर उभी राहिले. छान दिसत होते. स्वतःचाच राग आला.

१७ सप्टेंबर
गेले एकदाची हेडसरांकडे. म्हटलं, मी झेंडा धरणार नाही, तो तामियाचा आहे.
"गुण कागदावर असतात मुली, तुझ्या मनात नाही."
"मग धरणारच नाही."
"नको धरूस! शपथ नाही तर बारावीचा दाखला नाही. तुझाच नाही, अख्ख्या वर्गाचा. सांग त्यांना जाऊन."
आणि पुन्हा कॉफी ढवळायला लागले. मी बाहेर येऊन भिंतीला लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही, अंगठा सुजला.

१८ सप्टेंबर
काही सुचत नाही. जेवण नको, अभ्यास नको. आईशी विनाकारण भांडले.

२० सप्टेंबर
तामियाला सांगितलं, मी झेंडा धरणार नाही. वाटलं होतं, तिला आनंद होईल. कसला! फणकारली – "तू मोठी शहाणी ठरशील गं, आणि दाखला माझा अडकेल. मला कीतोला नर्सिंगला जायचंय."
मग म्हणाली, "बाबांनी ते गुणपत्रक स्वतः आणून दिलं होतं. टोपी काढून. तुझ्या आईच्या हातात."
"म्हणजे माझी आई खोटं बोलते?"
"मी कुठे तसं म्हटलं?"
दिलं असेल. हेडसरांनीच गायब केलं असणार! डोंगरातल्या मुलीने झेंडा धरलेला त्या माणसाला बघवेल का?

२३ सप्टेंबर
रविवार असून रंगीत तालीम. राष्ट्रगीत चालू असताना शेजारची कोंबडी आली आणि हेडसरांच्या बुटाची नाडी टोचायला लागली. हेडसर छातीवर हात ठेवून ताठ! कोंबडीने नाडी सोडली, मोजा धरला – तरी ताठ. पोरं हसून हसून मेली.
राष्ट्रगीत चालू असताना हेडसर हलत नाहीत. काहीही झालं तरी.
तामियाला विचारलं, "उभी राहशील ना?" ती म्हणाली, "शपथ झाली पाहिजे मात्र."

२६ सप्टेंबर
केलं!!
राष्ट्रगीत सुरू झालं आणि मी निघाले. झेंडा केवढा जड! रांगेत तामियासमोर जाऊन थांबले, काठी तिच्या हातात दिली, हातमोजे काढून दिले. गुडघ्यावर बसले, झेंड्याचं चुंबन घेतलं. हेडसर छातीवर हात ठेवून टोमॅटोसारखे लाल. डोळे तेवढे हलत होते. त्यांना थांबवता येईना, राष्ट्रगीतही संपेना! शेवटच्या सुराला माझ्या मागे सगळा वर्ग रांगेत उभा होता, आणि एवढ्या पालकांसमोर हेडसरांना शपथ थांबवता आली नाही.
तामियाचे बाबा टोपी छातीशी धरून रडत होते. मीही रडले, लपवलं नाही. आईकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.

२७ सप्टेंबर
हेडसरांचा हुकूम – सोमवारपर्यंत तिसरीचं मूळ गुणपत्रक आलं तर कालची शपथ खरी. नाही आलं तर समारंभ पुन्हा, आणि झेंडा बळकावला म्हणून तामिया शाळेबाहेर. बळकावला! मी दिला म्हणून ओरडले, कोण ऐकतंय?
तामिया म्हणाली, "बघितलंस?" एवढंच.
आई धुतलेलेच कपडे पुन्हा धुतेय.

२९ सप्टेंबर, शनिवार
आई बाजारात गेली आणि मी तिचं कपाट उघडलं. का उघडलं, माहीत नाही. माहीत आहे.
खालच्या खणात, आजीच्या फोटोखाली. वरच्या शाळेचा शिक्का. तामिया काचिमुएल, इयत्ता तिसरी. वाचन दहा, गणित दहा, सगळीकडे दहा. कागद भिजलेला नाही. कुठे साधा डागसुद्धा नाही.
आई आली, तिला दाखवला. भाजीची पिशवी हातातच राहिली तिच्या. मी ओरडले, "तू कोणाची आई आहेस गं?"
"तुझीच. म्हणून तर."
नंतर बटाटे सोलत बसली. नोकरी जाईल हे ती बोलली नाही, मीही बोलले नाही. कागद मात्र परत मागितला नाही तिने.

१ ऑक्टोबर
दिला. हेडसरांनी विचारलं, कुठे सापडला? आई शेजारीच उभी होती. मी सांगितलं, आमच्या घरी.