लाह्यांचे छत

डुलूथ, १२ डिसेंबर २००९

प्रिय सोल्वेग हिस,

अनेक आशीर्वाद. प्रकृती ठीक आहे. सरोवरावर अजून बर्फ धरलेला नाही.

नाताळनिमित्त सर्व नातलगांना पाठवलेले तुझे पत्र पोचले. "कर्टने तपासणी न करता बाबांचे छत कोरडेच खरवडले आणि आमच्या ब्रिटाला त्या धुळीत खेळू दिले," असे तू त्यात लिहिले आहेस. ते खरे नाही.

छतावरचा तो लाह्यांसारखा लेप जुना आहे, त्यात फुप्फुसांना घातक असे अ‍ॅस्बेस्टस असेल, ही शंका प्रथम कर्टनेच, तुझ्या नवऱ्यानेच, काढली. "सर, आधी तपासू या. निघालं तर हात लावायचा नाही, वर जिप्समच्या पाट्या मारून झाकून टाकू." (माझा विद्यार्थी तो, जावई झाला तरी 'सर' सुटले नाही.) त्याने तुकडा काढून प्रयोगशाळेच्या पाकिटात घातला. ते टपालात टाकण्याचे काम मी मागून घेतले.

मी ते टाकले नाही. घर विकायचे होते. शेजारचे रेमर कुंपणावरून म्हणाले होते, "अहो मास्तर, माहीत असलं तर गिऱ्हाइकाला लिहून द्यावं लागतं. माहीतच नसलं तर काय लिहिणार, कपाळ? आपल्या आळीत कोण तपासतंय!"

अहवाल निर्धोक आला, असे मी कर्टला सांगितले. निदान पाणी मारून खरवडू, असे तो म्हणाला. लाकडी जमीन डागाळेल म्हणून मी तेही नाकारले. ब्रिटा टेबलाखाली बसून "बर्फ! बर्फ!" करीत ती धूळ ओंजळीत गोळा करीत होती.

पुढे तू स्वतः पाठवलेल्या तुकड्याचा अहवाल आला; अ‍ॅस्बेस्टस निघाले. "अक्कल गहाण ठेवली होतीस का रे?" तू स्वयंपाकघरात ओरडलीस. कर्टने माझ्याकडे पाहिले. मी कॉफी ढवळीत राहिलो. तिच्यात साखर नव्हती. "माझंच चुकलं," तो म्हणाला.

शुक्रवारी तू ब्रिटाच्या ताब्यासाठी वकिलाकडे जाणार आहेस. त्याआधी हे वाच, आणि ज्यांना ज्यांना ते पत्र गेले त्या सर्वांना हेही पाठव. तुझ्या पत्रातील नोंदी तारखेनुसार अशा दुरुस्त कराव्यात:

३ ऑक्टोबर : कर्ट तपासणी विसरला नाही. पाकीट माझ्या कोटाच्या खिशात राहिले.

१७ ऑक्टोबर : कर्टने आपल्या मनाने खरवडले नाही. मी खोटे सांगून खरवडवून घेतले.

९ नोव्हेंबर : कर्टची ती कबुली नव्हती. ते माझे मौन होते.

१० नोव्हेंबर : कर्टने घर सोडले नाही. मी त्याला जाऊ दिले.

अपराधी,
हाल्वर आमोट