झोतातली हिरवी रेघ

डार्मश्टाट,
९ मार्च २०२५

ती. बाबांस,
कीर्तीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या कानाचं मशीन पुन्हा बंद पडलं असं आईकडून कळलं. म्हणजे आता पत्रांना बरे दिवस आले. तसंही हे फोनवर आईसमोर बोलण्यासारखं नाही.

आमचं विजेचं इंजिन तुम्हाला माहीत आहे. वायूचे कण विजेने फोडून मागे फेकायचे आणि त्या रेट्याने यान पुढे न्यायचं. ते मोठं झालं की माणसं आठ महिन्यांऐवजी चार महिन्यांत मंगळावर पोचतील. त्याच्या चुंबकी कॉइलची रचना माझी होती. होती म्हणते, कारण पेटंटच्या अर्जावर एकट्या यशोधनचं नाव आहे. हो, तोच यशोधन, आमचा टीमप्रमुख. आपल्याकडे चार दिवस राहून आईच्या भाकऱ्यांची तारीफ करून गेलेला. मी जाब विचारला, तर त्याने वरच्यांना सांगितलं, “ही फक्त मी सांगेन तशा रेघा ओढायची.” माझ्या जुन्या वह्या त्याच्याच कपाटात आहेत. बेट्रीब्सराटकडे, म्हणजे इथल्या कामगार प्रतिनिधींकडे गेले, ते म्हणाले पुरावा आणा. मग माझी बदली चाचणी विभागात झाली. ज्या निर्वात टाकीत इंजिन चालवून बघतात ती आता मी सांभाळते.

खरी गोष्ट पुढे आहे. माझ्या रचनेत एक चूक होती. पूर्ण ताकदीवर मागच्या बाजूने चुंबकी क्षेत्र गळतं आणि आतली भिंत झिजते. फेब्रुवारीत मला ती सापडली, आणि दुरुस्तीही सापडली: मागची कॉइल चार मिलिमीटर सरकवून दोन भागांत गुंडाळायची. नव्या वहीत तारखेसह लिहून ठेवलंय. यशोधनला याचा पत्ता नाही. १५ मेला निवड समितीसमोर पहिल्यांदा पूर्ण ताकदीची चाचणी आहे. मी काही बोलणार नाहीये, बाबा. चोरलेलं आहे, तर चुकीसकट वापरू दे.

आईला सांगू नका. माझ्यावर रागवा हवं तर, पण माया आटू देऊ नका.

तुमची,
कीर्ती


नागपूर,
२४ मार्च २०२५

चि. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुझी आई विचारते, पोरीने एवढं काय लिहिलंय की चहा गार झाला. मी थंडीबद्दल लिहिलंय म्हणालो.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मी कारखान्यात टर्नर होतो, तेव्हा लेथवर बसवायची एक पकड मी घडवली होती. तासाचं काम वीस मिनिटांत व्हायचं. वार्षिक समारंभात तिचं बक्षीस फोरमनला मिळालं. मी पाचव्या रांगेत होतो. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची आजही लाज वाटते, कीर्ती. तो फोरमन पुढे वारला, तर मी मातीला गेलो नाही. एवढाच माझा सूड.

तुझ्या हातात त्याहून मोठं काही आलंय. गप्प राहा. त्याला समितीसमोर ताठ मानेने उभा राहू दे, आणि मग काय होतं ते बघ. मला सगळं कळव, एकही गोष्ट गाळू नकोस.

तब्येत सांभाळ. म्हाताऱ्याला पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझा बाबा,
राजानंद


डार्मश्टाट,
१८ मे २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

झालं. तुम्ही म्हणालात म्हणून काहीच गाळत नाही.

समितीचे सात जण काचेमागे उभे होते. यशोधनने नवा कोट शिवून घेतला होता. मी पॅनेलवर बसले होते, चाचणी थांबवायचं लाल बटण माझ्याच हाताशी. पूर्ण ताकद दिली. झोत इतका सुंदर निळा की दोघेतिघे स्वतःशीच हसले. चाळीस मिनिटांनी त्या निळ्यात एक हिरवट रेघ आली. भिंत झिजून तिचे कण उडू लागले की असा रंग दिसतो. त्या खोलीत तो फक्त मला ओळखता आला. तेव्हाच बटण दाबणं माझं काम होतं. मी दाबलं नाही. यशोधन बोलत होता, मी त्याचा चेहरा बघत बसले. मग ठिणग्या उडाल्या, इंजिन विझलं, आणि तो वाक्य अर्धं टाकून गप्प झाला. बाबा, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवले.

पण दुसऱ्या दिवशी चौकशीत तो उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “ही रचना कीर्तीची आहे. मी नुसती सही केली.” माझ्या जुन्या वह्या त्यानेच आणून टेबलावर ठेवल्या. दोन वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते नाव अखेर कागदावर आलं, अपयशाच्या अहवालात. २० जूनच्या बैठकीत हे इंजिन कायमचं बंद करायचं आणि जुन्या, हळू जाणाऱ्यावरच माणसं पाठवायची, असं ठरणार आहे.

आता काय करू ते सुचवा. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

कीर्ती


नागपूर,
१ जून २०२५

चि. कीर्तीस,
खूप आशीर्वाद.

हे स्पीड पोस्टाने धाडतोय, वीस तारखेच्या आत पोचायला हवं.

तुझी पत्रं आईच्या हाती लागली. दोन्ही वाचली. दिवसभर रागात होती. संध्याकाळी पाटीवर लिहून माझ्यासमोर धरलं: “त्या इंजिनात माणसं बसणार आहेत ना? मग हे तुमच्या दोघांचं भांडण कसं?”

मी तुला चुकीचं सांगितलं. माझा जुना राग तुझ्या हातून काढत होतो. आयुष्यभर मशीनवर काम केलं. तरी ठिणग्यांचं वाचून आधी आनंदच झाला, हे कबूल करतो. फेब्रुवारीचं पान दाखव. तू गप्प राहिलीस हे त्यातून उघड होईल. नोकरी जाईल, हेही मला समजतं. तरी दाखव.

आई मिरचीचं लोणचं पाठवतेय, म्हणजे राग फार काळ टिकणार नाही. आमच्या जिवाला जप, म्हणजे स्वतःला जप.

बाबा


डार्मश्टाट,
२९ जून २०२५

ती. बाबा आणि सौ. आई, दोघांसही,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र १९ तारखेला दुपारी मिळालं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बैठकीत गेले.

विभागप्रमुख लिंडनर बाईंनी ते पान दोनदा वाचलं. तारखेवर बोट ठेवून विचारलं, तुम्हाला फेब्रुवारीपासून ठाऊक होतं? मी हो म्हटलं. हिरवा रंग दिसला तेव्हाही गप्प बसलात? त्यालाही हो म्हटलं. कारण विचारलं, तेव्हा जे होतं ते सांगितलं: “त्याला पडलेला बघायचं होतं.”

इंजिन बंद होणार नाही. मागची कॉइल माझ्या आकड्यांप्रमाणे बदलून ऑक्टोबरमध्ये पुन्हा चाचणी आहे. पेटंटच्या अर्जावर माझं नाव पहिलं लागलं. यशोधनला खोटं बोलल्याबद्दल काढलं. आणि मलाही. त्याची आणि माझी कुंडिगुंग, म्हणजे कामावरून कमी केल्याचं पत्र, एकाच दिवशी निघाली. ऑक्टोबरची चाचणी मला काचेमागूनही बघता येणार नाही.

परवा तो श्ट्रासनबानच्या, म्हणजे ट्रामच्या, थांब्यावर भेटला. हातात खोक्यात भरलेलं सामान. मराठीत विचारलं, “तू बघत होतीस ना, माझ्याकडे?” मी म्हणाले, “पूर्ण वेळ.” तो बाकावर बसला. माझी गाडी आली, मी चढले.

हायडेलबर्गला एका संस्थेने मुलाखतीला बोलावलंय. काय घडलं ते अर्जातच लिहून टाकलंय. तरी बोलावलं, बघू.

आई, तू विचारशील म्हणून आधीच सांगते. त्या इंजिनाचं मला वाईट वाटतं. बटणावरचा तो हात आठवला की जेवण जात नाही. यशोधनचं मात्र वाटत नाही. वाटायला हवं, हे मला कळतं. अजून तरी वाटलेलं नाही.

अशी आहे तशी मला जवळ ठेवा.

तुमची,
कीर्ती