अक्काची ओवी हॉलंडला निघाली

ती. अक्का, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी ठणठणीत आहे. श्रीरंग आणि सूनबाई मजेत आहेत. या परमुलखात बाहेर गुडघाभर बर्फ आहे, पण श्रीरंगाचं घर उबदार आहे. तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस, का नुसतीच कण्हतेस?

आता खरं ऐक. हॉलंडहून नाटकवाले आलेत, त्यातली रोशनी आपल्याकडे उतरलीय. तिच्या पणजोबांना आपल्या देशातून मजुरीला बोटीने हॉलंडवाल्यांच्या ताब्यातल्या सुरिनामला नेलं. तिथून तिचे आईबाप हॉलंडला गेले. त्यांचा ढोलवाला तुर्की आहे. आपापल्या आज्यांची गाणी जोडून हे लोक नाटक करतात, आणि तिकडचे गोरे तिकीट काढून बघतात.

ती माझ्यासारख्याच मोडक्या हिंदीत म्हणाली, "मौसी, एक गाना सुनाओ." मी भाजी निवडत होते, तोंडात आलं ते म्हटलं. तुला सासरहून परत धाडलं तेव्हा आईने जात्यावर रचलेली ओवी.

"लेक आली गं माघारी, कुणी पुसू नका काही."

आई म्हणाली पुसू नका, आणि मी जगाला सांगून बसले. पोरीने रडत रडत टेप करून घेतलं, म्हणाली नाटकात घालणार.

शुक्रवारी ते जाणार. तुला विचारलं तर उत्तर यायला महिना लागेल. म्हणून काल टेप मागून घेतली. बिचारीने लगेच काढून दिली.

पण आज सकाळी ती न्हाणीत तीच ओवी गुणगुणत होती. ते कसं परत मागू, अक्का?

रागाव, पण स्वतःच्या हाताने लिही.

तुझी तोंडाळ,
गोदी