बाबांनी मोजलेली अंडी

१२ ऑगस्ट

मुंग्यांनी कार्डं खाल्ली! सगळी!

काल संध्याकाळी कंबर मोडेपर्यंत वाकून टोमॅटोच्या पानांखाली छप्पन्न कार्डं टाचली. एकेका कार्डावर हजारभर बारक्या, किडीचा बंदोबस्त करणाऱ्या माश्या, अजून अंड्यातच, उद्या-परवा बाहेर पडणाऱ्या. सकाळी जाऊन बघते तर कोरे कागद!

शेतमालक बांधावर उभेच होते. म्हणाले, "बाई, मुंग्यांचा प्रयोग मात्र यशस्वी झाला." चेहऱ्यावरची रेषही हलली नाही त्यांच्या.

घरी बाबांना सांगितलं. इतके हसले की ठसका लागला. तीस वर्षं फवारणीची औषधं विकलेला माणूस, हसणारच. "माझ्या बाटलीला कधी मुंग्या लागल्या नाहीत गं!"

१३ ऑगस्ट

नवी कार्डं मागवली. या खेपेला काठ्यांना टांगणार, काठ्यांना खाली ग्रीस. तीनदा साबण लावला, हात काळे ते काळेच.

२० ऑगस्ट

मुंग्या हरल्या! काठीपाशी येतात, ग्रीस बघतात, चर्चा करतात, परत जातात.

आमच्या संशोधन संस्थेच्या संचालकबाई शेतावर येऊन गेल्या. त्यांना तीन पट्टे दाखवले – एकात आमच्या माश्या, एकात नेहमीची फवारणी, एकात काहीच नाही. "काहीच नाही" बघून मालकांचा जीव तुटतो. परवा विचारत होते, "त्या बिचाऱ्या झाडांचा काय गुन्हा?" मी म्हटलं, काका, तुलना कशाशी करू मग? "माझ्याशी करा," म्हणाले, "माझ्याकडेही कुणी बघत नाही."

जाताना बाई गाडीत बसल्या, काच खाली केली. "या हंगामात आकडे दिसायला हवेत हं. नाहीतर संस्थेने भाड्याने घेतलेली ही जमीन पुढच्या वर्षी फुलांच्या विभागाला जाते." काच वर.

अकरा वर्षं घालवलीत मी या माशीमागे. फुलं!

२६ ऑगस्ट

मोजणीला येणारी मुलगी जिन्यावरून पडली. पाय प्लास्टरमध्ये, दीड महिना सुट्टी. आता पानांवरची अंडी मोजणार कोण?

"मी आहे की," बाबा म्हणाले. पेपर बाजूला ठेवून, अगदी ताठ बसून.

"बाबा, तुम्ही शत्रुपक्षाचे."

"म्हणून तर माझ्या मोजणीवर सगळ्यांचा विश्वास बसेल."

हे मात्र खरं.

२७ ऑगस्ट

त्यांना काम शिकवलं. पतंग पानावर अंडं घालतो, त्यातून फळ पोखरणारी अळी निघते. आमची माशी त्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. चार दिवसांत ते काळं पडलं, तर आतून माशी निघणार – आपण जिंकलो. पांढरं राहिलं, तर अळी. बस्स. भिंग धरायचं, काळी किती, पांढरी किती सांगायचं. मी वहीत लिहिणार.

"म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसून संसार थाटायचा," बाबा म्हणाले. "तुझी माशी मोठी बेरकी आहे गं!"

२ सप्टेंबर

हा रोज संध्याकाळचा मजेदार कार्यक्रमच झाला आहे. मी शेतातून आणलेल्या पानाचं पाकीट उघडून "माश्यांचा पट्टा, झाड चार" असं वाचते, पान त्यांच्यापुढे ठेवते. बाबा खिडकीपाशी, भिंग डोळ्याला लावून. मग त्यांची ती विक्रेत्याची आरोळी – "काळी अठराऽऽ, पांढरी पाऽऽच!" मी हसत हसत लिहिते. आई गेल्यापासून या घरात एवढा आवाज नव्हता.

नियमाप्रमाणे दहा पाकिटांमागे एक मी पुन्हा मोजायला हवं. पण भाजी गॅसवर होती.

९ सप्टेंबर

पुन्हा नाही मोजलं. बाबांवर काय तपासणी करायची!

१५ सप्टेंबर

एकोणऐंशी टक्के काळी!! माश्यांच्या पट्ट्यात शंभरातली एकोणऐंशी!

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "परत सांगा." परत सांगितलं. आसपासच्या शेतकऱ्यांना बोलावून शेत दाखवायचं ठरवलं त्यांनी, तारीखही धरली – चार ऑक्टोबर.

बाबांना म्हटलं, तुमचा धंदा बसला. ते म्हणाले, "निवृत्त झालो ते वेळेवर झालो." खूप खुश दिसले. माझ्यापेक्षा जास्त.

२३ सप्टेंबर

लिहायला मन होत नाहीये.

बाईंना फलकासाठी फोटो हवा होता, भरपूर काळ्या अंड्यांचा. वहीत बघून सगळ्यात चांगलं पाकीट काढलं – काळी सव्वीस, पांढरी चार. मोजून झालेली पानं फ्रीझरमध्ये असतात, ते काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.

पानावर एकूण सात अंडी. तीन काळी.

पाकीट चुकलं असेल म्हणून दुसरं काढलं. मग तिसरं. दहा काढली. एकही जुळत नाही.

२४ सप्टेंबर

बाबांपुढे वही ठेवली. दहा आकडे त्यांचे, दहा माझे, दोन्ही वाचून दाखवले.

 मग मान वर केली आणि एकदम तयारी असल्यासारखे म्हणाले, "हो. वाढवून सांगितले. तीस वर्षांची सवय, जाते थोडीच?"

"का पण?"

"तुझी जमीन जाऊ नये म्हणून."

माझा तोल गेला. मी खूप बोलले. शेवटी म्हणाले, "तुम्ही लबाड आहात, बाबा." हे मी माझ्या बापाला म्हणाले.

"आहेच," म्हणाले. आणि उठून आत गेले, भिंतीला हात लावत.

२५ सप्टेंबर

संचालकबाईंना सगळं सांगितलं. नियमाची तपासणी मी केली नाही, चूक माझी, हेही. वडिलांचं नाव टाळता येईना, घेतलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पानं आहेत अजून?"

"सगळी. फ्रीझरमध्ये."

"मग बसा मोजायला. दोघी बसू."

संचालकबाई! स्वतः! मला रडू आलं ते पानावर पडू नये म्हणून मान वळवली, तर म्हणाल्या, "पान ओलं करू नका, एवढंच बाकी आहे."

२९ सप्टेंबर

घरात बोलणं नाही. जेवण वाढते, ते जेवतात. "मीठ" म्हणाले आज. मी दिलं.

३ ऑक्टोबर

चारशे वीस पाकिटं संपली. खरा आकडा – बावन्न टक्के. एकोणऐंशी नाही. पण "काहीच नाही"च्या पट्ट्यात नऊच.

"बावन्न वाईट नाही," बाई म्हणाल्या. "उद्या हेच सांगा. आधी काय चुकलं तेही."

४ ऑक्टोबर

साठेक शेतकरी आले. बावन्न सांगितलं, आधीच्या चुकीसकट. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे अर्ध्या अळ्या राहणारच की!" मी म्हटलं, राहणार. कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मालक पुढे आले.

"मी रोज बघतोय," म्हणाले. "ही बाई स्वतःच्या तोंडाने स्वतःचा आकडा कमी सांगते. माझ्याकडे विकायला येणाऱ्यांपैकी एकाने तरी असं केलंय का? मी पुढच्या वर्षी अर्ध्या शेतात ही कार्डं लावणार. काठ्यांना ग्रीस मात्र तुम्ही लावायचं."

हशा पिकला. अकरा जणांनी आपल्या शेतात माश्या सोडायला नावं दिली. जमीन राहिली, बाईंनी तिथेच सांगितलं!

घरी येऊन बाबांना सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. त्यांनीच दारातून विचारलं, "झालं नीट?" मी "हो" म्हटलं आणि पुढे गेले.

७ ऑक्टोबर

बाबा अंघोळीला गेले होते, त्यांचा फोन वाजला म्हणून उचलला. डोळ्यांचा दवाखाना. "आजोबा जूननंतर आलेच नाहीत. उजवा डोळा गेलाच आहे, डाव्याचंही मधलं दिसत नाहीये त्यांना. इंजेक्शनं लांबवून चालणार नाही. आणि एकट्याला पाठवू नका हो."

जूननंतर. म्हणजे त्या खिडकीपाशी त्यांना एक अंडंसुद्धा दिसत नव्हतं. लबाड म्हणवून घेतलं, पण हे सांगितलं नाही.

बाबा बाहेर आले, केस ओले. "कुणाचा फोन गं?" टेबलावर कंगवा चाचपत विचारलं. कंगवा समोरच होता. मी उचलून हातात दिला.

"उद्या आपण दोघं जाऊ," म्हटलं.

कुठे ते त्यांनी विचारलं नाही.